कोनशिला आणि अक्षयनीवी

कोणत्याही विद्यापीठाचे वार्तापत्र उघडावे अथवा कोणत्याही महाविद्यालयाची स्मरणिका चाळावी. गाव, वर्ष आणि छायाचित्रे बदलतात, पण वार्ता बहुधा तीनच प्रकारच्या असतात. पहिली, नव्या इमारतीची पायाभरणी अथवा उद्घाटन. दुसरी, देणगीदारांचा आणि स्वयंसेवकांचा गौरव. तिसरी, कोण सेवानिवृत्त झाले, कोण रुजू झाले आणि कोण सोडून गेले याची. संस्थेच्या आयुष्यात या तिन्ही घटना महत्त्वाच्याच आहेत. मात्र त्यांना मिळणारी जागा सारखी नसते. इमारतीला रंगीत पान मिळते, सत्काराला अर्धे पान मिळते, आणि माणसांच्या जाण्यायेण्याची वार्ता शेवटच्या पानावर, बारीक टंकात, नावांच्या यादीपुरती उरते.

हा क्रम केवळ छपाईच्या सोयीचा नाही. संस्था स्वतःला काय समजते, हे त्यातून कळते. आम्ही निवासी शाळेत अध्यापन करणारी माणसे आहोत. येथे शिकून बाहेर पडलेली मुले पुढे महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत जातात आणि तेथील बातम्या आमच्यापर्यंत आणतात. त्या बातम्यांत आणि आमच्या अंगणातल्या अनुभवात आम्हांला मोठे साम्य दिसते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे एक मत स्पष्टपणे मांडावे असे आम्हांस वाटते: जी संस्था इमारतीसाठी निधी उभारते आणि त्या इमारतीत राहणाऱ्या व शिकवणाऱ्या माणसांसाठी निधी ठेवत नाही, तिचे काम अर्धेच झालेले असते.

वर्ग आधी, कोनशिला नंतर

या मताला आधार शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्या वेळी संस्थेकडे स्वतःची भव्य वास्तू नव्हती. महायुद्धाच्या काळातील लष्करी बराकींमध्ये वर्ग भरू लागले. दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून सकाळच्या वेळेचा विचार झाला. कोण शिकणार आहे आणि त्याची अडचण कोणती आहे, हा प्रश्न आधी सोडवला गेला. फोर्टमधील बुद्धभवन आणि आनंदभवन या वास्तू नंतर आल्या.

मराठवाड्यातही हेच घडले. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन दोन वर्षेही पुरी झाली नव्हती, तेव्हा १९५० च्या जूनमध्ये औरंगाबादच्या छावणी भागात सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ते सर्वांना परिचित झाले. त्याच्या वास्तूची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते १ सप्टेंबर १९५१ रोजी बसवण्यात आली. तारखांचा हा क्रम आपण नीट लक्षात घेतला पाहिजे. कोनशिला बसली तेव्हा महाविद्यालयाला एक वर्षाहून अधिक काळ लोटला होता. विद्यार्थी येऊन बसले होते, प्राचार्य म. भि. चिटणीस आणि त्यांचे सहकारी शिकवू लागले होते. त्यानंतर भिंती उभ्या राहिल्या. त्या बांधकामाकडे बाबासाहेबांनी जातीने लक्ष दिले, परिसरात झाडे लावली जावीत याचा आग्रह धरला, आणि त्या परिसराला नागसेनवन हे नाव दिले. राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन हे एका संवादाचे दोन टोक आहेत. महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव आणि परिसराला उत्तर देणाऱ्याचे नाव, ही योजना ज्याला सुचली त्याच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे काय होते, हे वेगळे सांगावयास नको. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये असतात ती दोन माणसे. छप्पर त्यांच्या डोक्यावर असते.

नागसेनवनाची पुढची कीर्तीही माणसांमुळे झाली. प्राचार्य म. ना. वानखेडे आणि प्रा. गंगाधर पानतावणे यांच्यासारखे अध्यापक तेथे होते म्हणून खेड्यांतून आलेली, घराण्यात प्रथमच अक्षर गिरवणारी मुले लिहिती झाली आणि दलित साहित्याच्या चळवळीला तेथे बळ मिळाले. त्या अध्यापकांची दर वर्षी अदलाबदल होत राहिली असती, तर तेवढ्याच भक्कम भिंतींच्या आत असे काही घडले असते काय, हा प्रश्न वाचकांनी स्वतःला विचारावा.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. १९१९ मध्ये काले येथे संस्थेचा आरंभ झाला आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीत जेवत होती, हीच त्या संस्थेची खरी वास्तू होती. त्या पंक्तीसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही त्यातून सुटले नाही. पुढे साताऱ्याचे महाविद्यालय १९४७ मध्ये निघाले आणि श्रम करून शिकण्याची पद्धत उच्च शिक्षणात रुजली. या दोन्ही उदाहरणांत इमारतीचे महत्त्व कुठेही नाकारलेले नाही. इमारत माणसांच्या मागून आली, एवढेच आम्हांला म्हणायचे आहे.

लेण्यांमधील हिशेब

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला याहूनही जुना एक दाखला येथे द्यावासा वाटतो. आपल्या सह्याद्रीतील लेणी ही त्या काळातील निवासी विद्यास्थानेच होती. वर्षावासात भिक्खू तेथे राहत, अध्ययन करीत, उपासकांना उपदेश करीत. ही लेणी कोणी दिली, याची नोंद भिंतींवरच कोरलेली आहे. आपल्या स्मरणिकांच्या देणगीदारांच्या याद्यांशी ती ताडून पाहण्यासारखी आहे.

कार्ले येथील चैत्यगृहात धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, प्रवेशद्वाराचे दान दिल्याची नोंद आहे. त्याच चैत्यगृहात वेणुवासाचा पुत्र सामी या वढकीने, म्हणजे सुताराने, द्वाराचे काम केल्याचीही नोंद आहे. दार देणाऱ्याचे नाव भिंतीवर आहे आणि दार घडवणाऱ्याचेही आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत मुगुदास नावाच्या मच्छीमाराने सपरिवार लेणे दिल्याचा लेख आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपल्या कोरीव कामाची नोंद ठेवली आहे. राजे, महाराणी, श्रेष्ठी यांच्या नावांशेजारी ही नावे आहेत. आजच्या किती कोनशिलांवर गवंड्याचे नाव असते?

याच त्रिरश्मी लेण्यांतील दुसरा एक लेख आपल्या विषयाच्या गाभ्याला भिडतो. क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने तेथे लेणे दिले. तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने तीन हजार कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ ठेवली. अक्षयनीवी म्हणजे जिचे मुद्दल कधी मोडायचे नाही आणि जिच्या व्याजावर खर्च चालवायचा, अशी ठेव. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवले गेले. पहिल्या ठेवीचे व्याज वर्षाला २४० कार्षापण होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापणांची चीवरासाठी तरतूद लेखात आहे. वीस गुणिले बारा म्हणजे बरोबर २४०. दुसऱ्या ठेवीचे व्याज किरकोळ खर्चासाठी होते.

सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या या हिशेबात एक शहाणपण आहे. लेणे खोदून देणाऱ्याला कळले होते की दगडाला अन्नवस्त्र लागत नाही, आत राहणाऱ्याला लागते. म्हणून त्याने वास्तूबरोबर वास्तूतील माणसांचीही व्यवस्था केली, आणि ती एका वर्षापुरती नव्हे तर कायमची व्हावी अशा बेताने केली. आपल्याकडे आज कोनशिला पुष्कळ बसतात. अक्षयनीवी ठेवण्याची प्रथा मात्र जवळजवळ लोपली आहे.

सेवा आणि वेठ यांतील अंतर

स्वयंसेवकांच्या गौरवाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. आज प्रत्येक स्वयंसेवक वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास समाजकार्य करतो आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात राहतो. आमचे अनेक माजी विद्यार्थी या योजनेतून घडले आहेत. ते सुटीत शाळेत येतात, दहावीच्या मुलांना गणित आणि इंग्रजी शिकवतात, पावसाळ्यापूर्वी गटारे उपसतात, झाडांना आळी करतात. त्यांचा गौरव झालाच पाहिजे. समाजाकडून घेतलेले समाजाला परत करावे, ही आपली शिकवण ते आचरणात आणतात.

तथापि ‘सेवा’ हा शब्द फार जपून वापरावा लागतो. ज्याला पोटाची भ्रांत नाही, तो आपला फावला वेळ देतो, ती सेवा होय. ज्याच्या पोटाचा तोच एकमेव आधार आहे, त्याच्याकडून वेतनाशिवाय अथवा अपुऱ्या वेतनावर काम करून घेणे आणि त्याला सेवा म्हणणे, हे निराळे. आपल्या समाजाला हा फरक पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. महार वतनाच्या नावाखाली आपल्या आज्या-पणज्यांनी रात्रंदिवस राबणूक सोसली. जमिनीचा एक तुकडा आणि बलुत्याची भाकर दाखवून त्या राबणुकीला ‘मान’ असे नाव दिले जात होते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या मानाचे खरे स्वरूप उघड करण्यासाठी. पुढे संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली आणि मुंबई राज्याने १९५८ मध्ये कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करण्याचा कायदा केला.

ज्या समाजाने हा लढा दिला, त्याच्या संस्थांमध्ये स्वयंपाकी बाई पहाटे चारला चूल पेटवते आणि रात्री नऊला भांडी आवरते, आणि वर्षाअखेर तिचे मानधन थकलेले असते, अशी स्थिती असता कामा नये. त्या बाईंना स्नेहसंमेलनात पुष्पगुच्छ आणि ग्रंथ देऊन गौरवणे चांगले; पण थकलेले मानधन आधी हाती पडले पाहिजे, पुष्पगुच्छ मागून. हे कोणा एका संस्थेविषयी आम्ही लिहीत नाही. अपुऱ्या साधनांवर चालणाऱ्या सर्वच संस्थांना हा मोह होतो, आणि चांगल्या हेतूने चालणाऱ्या संस्थांना तो अधिक होतो, कारण हेतू चांगला असल्यामुळे कोणी तक्रार करीत नाही.

बारीक टंकातील वार्ता

आता शेवटच्या पानावरील बारीक टंकाकडे वळू. विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या वार्तांमध्ये ‘प्राध्यापक अमुक सेवानिवृत्त झाले’ असे वाक्य असते. त्यांच्या जागी कोण आले, हे वाक्य पुष्कळदा नसते, कारण त्या जागी पूर्णवेळ कोणी आलेलेच नसते. जागा रिक्त राहते आणि तिचे काम तासिका तत्त्वावर नेमलेल्या तरुणाकडे जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार कंत्राटी अध्यापकांची संख्या एकूण अध्यापक पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, आणि त्यांना मिळणारे मासिक मानधन नियमित साहाय्यक प्राध्यापकाच्या मासिक वेतनाइतके असावे. नियम असा आहे. प्रत्यक्षात नेट अथवा सेट उत्तीर्ण झालेले, विद्यावाचस्पती पदवी मिळवलेले आपलेच माजी विद्यार्थी सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात तासिका घेत धावताना आम्ही पाहतो. उन्हाळ्याच्या सुटीत तासिका नसतात, म्हणून उत्पन्नही नसते. जूनमध्ये पुन्हा बोलावणे येईल की नाही, हे मे महिन्यात त्यांना ठाऊक नसते.

शाळांचे चित्र याहून फार निराळे नाही. राज्यात शिक्षणसेवक पद्धती २००० साली आली. तीन वर्षे मानधनावर काम करायचे आणि मग नियमित वेतनश्रेणी मिळवायची, असे तिचे स्वरूप आहे. माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधन वाढून २०२३ पासून दरमहा १८,००० रुपये झाले. विनाअनुदानित तुकड्यांवरील शिक्षकांच्या वाट्याला तेवढेही येत नाही. अनुदानाचा टप्पा येईल या आशेवर वर्षे निघून जातात.

याचा परिणाम केवळ शिक्षकाच्या घरावर होत नाही, हे पालकांनी ध्यानात घेतले पाहिजे. निवासी शाळेतील मूल आईबापांपासून दूर असते. त्याचे वडील ऊसतोडीला गेलेले असतात, आई वीटभट्टीवर असते. अशा मुलाला रात्री ताप आला तर कोणाच्या खोलीचे दार ठोठवायचे, हे त्याला माहीत असावे लागते. घरून निरोप आला नाही म्हणून जेवणावर रुसलेल्या मुलीला कोणत्या शब्दांनी बोलते करायचे, हे एका वर्षात कळत नाही. त्यासाठी अधीक्षक, अधीक्षिका आणि शिक्षक तेथे वर्षानुवर्षे टिकावे लागतात. दर जूनमध्ये नवा चेहरा येत असेल तर मूल शिकते खरे, परंतु कोणावर विसंबायचे हे मात्र शिकत नाही. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमापेक्षा या विसंबण्याची गरज अधिक असते, असे आमचे इतक्या वर्षांचे निरीक्षण आहे.

महाविद्यालयातही तेच. आमच्या शाळेतून शहरात गेलेला विद्यार्थी पहिल्या वर्षी बुजलेला असतो. ग्रंथालयात कोणते पुस्तक मागावे, शिष्यवृत्तीच्या अर्जाला कोणता दाखला जोडावा, मोठ्याने प्रश्न विचारला तर हसू होईल काय, या शंका त्याला कोणाजवळ तरी बोलाव्या लागतात. तासिका संपताच दुसऱ्या महाविद्यालयाची गाडी पकडणाऱ्या अध्यापकाजवळ कितीही आस्था असली तरी थांबायला वेळ नसतो. सुंदर इमारतीच्या जिन्यावर मग तो विद्यार्थी एकटाच उभा राहतो.

दोन आक्षेप

आमच्या या मतावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा की, आपल्या मुलांनी आता तरी चांगल्या वास्तूत शिकू नये काय? पिढ्यान् पिढ्या गावकुसाबाहेरच्या झोपडीत राहिलेल्या माणसाने भव्य वास्तू उभारणे हीच एक घोषणा असते. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. नागसेनवनाच्या बांधकामात बाबासाहेबांनी एवढे लक्ष घातले ते याच कारणासाठी. मुलींच्या वसतिगृहाला पक्की न्हाणीघरे हवीत, प्रयोगशाळा हवी, गळणारे छप्पर बदलले पाहिजे. या बांधकामांना आमचा विरोध नाही, उलट त्यांना विलंब होऊ नये असेच आम्ही म्हणतो. प्रश्न आहे तो वर्षातून दोनदा उघडणारे सभागृह आणि दररोज लागणारी अधीक्षिका यांच्यात आधी कोण, याचा.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. देणगीदाराला आपल्या आईवडिलांचे नाव कोठेतरी पाहायचे असते. खोलीवर नाव लावता येते, पगारावर कसे लावणार? ही भावना आम्ही हलकी मानत नाही. ज्यांच्या आईवडिलांचे नाव सातबाऱ्यावर नव्हते, शाळेच्या पटावर नव्हते, त्यांनी ते नाव संगमरवरावर कोरून पाहावे यात गैर काहीच नाही. आपल्या लेण्यांतील दात्यांनीही नावे कोरून ठेवलीच आहेत. पण उषवदाताचे नाव आज आपण घेतो ते त्याने दिलेल्या लेण्यामुळे जितके, तितकेच त्या तीन हजार कार्षापणांच्या हिशेबामुळे. ठेवीलाही नाव देता येते. ‘अमुक यांच्या स्मरणार्थ अधीक्षिका निधी’ हे नाव संगमरवराच्या पाटीइतकेच टिकाऊ असू शकते, आणि त्या निधीतून दर महिन्याला एका घरात चूल पेटते.

शासनाने आपली जबाबदारी पार पाडावी, समाजाने ती का उचलावी, असेही कोणी म्हणतील. पदे मंजूर करणे, ती वेळेवर भरणे आणि वेतन देणे हे शासनाचेच कर्तव्य आहे. त्यासाठी निवेदने, मोर्चे आणि न्यायालय हे मार्ग चालूच राहिले पाहिजेत. परंतु १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले तेव्हा सरकारी अनुदानाची वाट पाहत ती बसली नव्हती. मागणी आणि उभारणी ही दोन्ही कामे आपल्या चळवळीने एकाच वेळी केली आहेत.

आमच्या सूचना

केवळ मत मांडून थांबणे योग्य नव्हे, म्हणून चार सूचना येथे करतो. माजी विद्यार्थ्यांच्या आगामी सभेत त्यांवर चर्चा व्हावी.

पहिली सूचना: यापुढे बांधकामासाठी येणाऱ्या प्रत्येक देणगीतील एक चतुर्थांश रक्कम अक्षयनीवी म्हणून बँकेत स्वतंत्र खात्यात ठेवावी. मुद्दलाला कोणत्याही कारणाने हात लावू नये. व्याजातून प्रथम मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकेचे, नंतर तासिका तत्त्वावरील शिक्षकांचे सुटीतील मानधन आणि त्यानंतर वास्तूची डागडुजी, असा क्रम ठरवावा. देणगीदारांना ही अट आधीच कळवावी; जाणत्या देणगीदाराला ती आवडेल असा आमचा विश्वास आहे.

दुसरी सूचना: कोणत्याही सत्कारापूर्वी थकीत मानधनाचा हिशेब पुरा करावा. ज्या वर्षी एकाही कर्मचाऱ्याचे मानधन थकलेले नसेल, त्या वर्षी संस्थेने स्वतःचा सत्कार करून घ्यावा, आमची काही हरकत नाही.

तिसरी सूचना: स्वयंसेवकांचा गौरव करताना त्यांनी काय केले हे नोंदवावे. ‘मोलाचे सहकार्य’ या दोन शब्दांनी कोणालाच काही कळत नाही. किती रविवार आले, कोणत्या विषयाचे वर्ग घेतले, किती रोपे लावली आणि त्यांपैकी किती जगली, हे लिहावे. त्यामुळे पुढच्या वर्षीच्या स्वयंसेवकाला कामाची दिशा मिळेल, आणि इतिहास लिहिणाऱ्याला साधन मिळेल.

चौथी सूचना या स्मरणिकेविषयीच आहे. पुढच्या अंकात पहिली पाने माणसांना द्यावीत. त्या वर्षी आलेले आणि गेलेले सर्व कर्मचारी, शिक्षक, अधीक्षक, स्वयंपाकी, कामाठी, पहारेकरी, तासिका शिक्षक यांची नावे आणि त्यांनी केलेले काम सारख्याच टंकात छापावे. ज्या गवंड्याने आणि सुताराने खोल्या बांधल्या, त्यांचीही नावे घ्यावीत. कार्ल्याच्या सामीचे नाव दोन हजार वर्षांनंतर आपण वाचू शकतो. आपल्या सुताराचे नाव दहा वर्षांनी तरी कोणाला सापडावे.

या सूचनांना फार मोठ्या निधीची गरज नाही. पहिलीला शिस्त लागेल, दुसरीला संकोच सोडावा लागेल, तिसरीला एक वही लागेल आणि चौथीला काही पाने. यांतील पहिली सूचना सर्वांत कठीण आहे हे आम्ही जाणतो, कारण तिच्यामुळे येत्या दोन-तीन वर्षांत सभागृहाचे काम थोडे मागे पडेल. ते मागे पडू द्यावे. दरम्यान सभा आणि जयंतीचे कार्यक्रम आजवर जसे वडाखालच्या पारावर झाले तसे होतील. मात्र मुलींच्या वसतिगृहात जूनमध्ये आलेली अधीक्षिका पुढच्या जूनमध्येही तेथेच असेल, एवढे आपण आता ठरवून टाकू या.